द्वारकाताईंचे जाजम

द्वारकाताई शेटे यांची आणि माझी पहिली भेट पनवेलच्या बंदरावरच्या वखारीत झाली, आणि त्या पहिल्याच भेटीत मी त्यांचे ऐकले नाही. त्या म्हणाल्या, "बसा." मी म्हणालो, "उभाच बरा आहे." काखेत चित्रांची गुंडाळी होती, पाय मिठागराच्या चिखलाने पोटरीपर्यंत माखलेले होते आणि समोर अंथरलेले जाजम स्वच्छ होते. माझ्या जागी कोणीही शहाणा माणूस उभाच राहिला असता. पण ताईंना तो शहाणपणा चालत नसे. "मागे पिंपात पाणी आहे. पाय धुवा आणि बसा. उभा माणूस जायच्या तयारीत असतो. त्याला मी काय दाखवू आणि त्याचं काय बघू?"

मी पाय धुऊन बसलो. आज त्या वखारीतला सर्वांत जुना बसलेला माणूस मीच असेन.

त्या "बसा"मधला मान मला त्या रात्री झोपू देईना. आमचे गाव ओवे गावाच्या पलीकडे, खाडीच्या काठी. वडील मिठागरात राबत, मीही राबत असे. पनवेलच्या बाजारात आम्हाला हाक येई ती "ए मीठवाल्या" अशी. शाळेत शिकवणाऱ्या, शेट्यांच्या घरातल्या एका बाईंनी मला अहो-जाहो करावे, "नारायणराव" म्हणावे, ही गोष्ट मी घरी सांगितली तेव्हा आई म्हणाली, "चेष्टा केली असंल." चेष्टा नव्हती. ताई हमालालाही "तुम्ही"च म्हणतात, आणि मंत्र्यांनाही त्याच आवाजात म्हणतात. वर किंवा खाली असा त्यांच्या आवाजाला जिनाच नाही.

ताईंच्या षष्ट्यब्दिपूर्तीच्या या ग्रंथासाठी संपादकांनी मला त्यांच्या कलाकार्याचा आढावा घ्यायला सांगितले आहे. आढावा घेणारे विद्वान या ग्रंथात पुष्कळ आहेत आणि ते काम ते माझ्यापेक्षा चांगले करतील. मी मुंबईच्या मेळ्याची हकिगत सांगणार आहे. ती मी कुठेही सांगू लागलो की छाती फुगते हे मला ठाऊक आहे, पण साठीच्या समारंभात नाही फुगायची तर कधी?

आधी वखारीविषयी. शेट्यांचे घराणे भाताच्या व्यापारातले. लढाईच्या दिवसांत धान्यावर कंट्रोल आला आणि बंदरावरच्या वखारी ओस पडल्या. ताईंचे थोरले बंधू नानाशेठ म्हणत, "आमच्या वखारीतले उंदीरसुद्धा कंटाळून दुसऱ्या गावी गेले." ताई तेव्हा मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत होत्या. लग्न त्यांनी केले नव्हते, आणि त्याबद्दल गावाला जेवढे बोलायचे तेवढे बोलून झाले होते. त्यांनी रिकामी वखार भावाकडे मागितली. भाऊ म्हणाले, "घे, निदान जाळी-जळमटं तरी निघतील." जाळी-जळमटे निघाली, भिंतींना चुना लागला आणि पनवेलात चित्रदालन उघडले. त्याला नाव काही ठेवले नाही. लोक "चित्रांची वखार" म्हणू लागले आणि तेच राहिले.

तिथे तीन जणांची चित्रे कायम असत. एक आमचे एकनाथमास्तर, निवृत्त ड्रॉइंग शिक्षक. उतारवयात त्यांनी घरे, झाडे, गाई काढायचे सोडून दिले आणि नुसत्या आडव्या-उभ्या पट्ट्या रंगवू लागले. गाव म्हणे, मास्तरांचे डोळे गेले. ताई म्हणत, मास्तरांचे डोळे आत्ता आले. दुसरा हसन काझी, बंदरावरच्या मचवेवाल्यांच्या घरातला, माझ्याच वयाचा. त्याच्या चित्रांत शिडे असत, पण होडी नसे. आणि तिसरा मी. माझ्या चित्रांत चौकोन असत, पांढरे, राखी, आणि उन्हे कलताना खाडीकाठच्या खाजणात जो गुलाबी उतरतो तसे गुलाबी.

पण वखारीची खरी खूण म्हणजे तिथली पद्धत. यावे, पाय धुवावेत, जाजमावर बसावे आणि मग चित्र पाहावे. त्यामुळे चित्रे बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर येतील इतक्या खाली लावलेली असत. उभ्याने कोणी पाहायला गेलाच तर त्याला कमरेत वाकावे लागे. भाजीच्या पाट्या विकून परत निघालेल्या बाया पाट्या बाहेर ठेवून घटकाभर टेकत, आणि टेकल्या की समोर मास्तरांच्या पट्ट्या. त्यांना कोणी काही समजावून सांगत नसे. हसनच्या अम्मी घराबाहेर फारशा पडत नसत, म्हणून ताईंनी शुक्रवारची दुपार फक्त बायकांसाठी ठेवली. त्या दिवशी आम्हा चित्रकारांनाही वखारीत पाऊल टाकायला बंदी. पहिल्या शुक्रवारी अम्मींनी आपल्या मुलाचे चित्र पाहिले आणि घरी जाऊन त्याला विचारले, "होडी कुठं बुडवलीस?" हसन ते अजून सांगतो.

माझे वडील आले ते भांडायला आले होते. मिठाचे आगर बांधायचे दिवस आणि मी रंगांत. दारातूनच ओरडले, "बाय, ह्या पोऱ्याला तुमी नादाला लावलाय. रंगानं कुनाचं प्वाट भरतं?"

ताई म्हणाल्या, "बसा."

"बसाला येल नाय मना."

"पाणी तरी घ्या. उभ्याने पाणी पिऊ नये."

पाण्यासाठी म्हणून वडील बसले. समोर माझे मोठे चित्र होते. तांब्या रिकामा झाला तरी ते उठले नाहीत. शेवटी म्हणाले, "मना काय बी समाजलं नाय. पन बसाला बरा वाटला."

मग ताईंनी जे केले ते मी विसरणार नाही. त्यांनी माझी तरफदारी केली नाही. त्या वडिलांना म्हणाल्या, "मिठाच्या हंगामात मी नारायणरावांना बोलावणार नाही. पावसाळ्यात मात्र तुम्ही त्यांना अडवू नका."

"आमी कशाला आडवू? पावसात आगरावं काम तरी काय हाय?" वडील म्हणाले, आणि तह झाला. आमच्या घरात त्यानंतर चित्रावरून भांडण झाले नाही.

असे सगळे ठीक चाललेले असताना कंट्रोल उठला. सगळ्या पनवेलने पेढे वाटले, आम्हीही खाल्ले. त्या पेढ्यांचा अर्थ आम्हाला आठवडाभराने कळला. नानाशेठ वखारीत आले, दाराशीच उभे राहिले आणि म्हणाले, "द्वारके, मार्गशीर्षात भात येईल. तो मी काय डोक्यावर ठेवू?"

भावाचे चुकत होते असे मला तेव्हाही वाटले नाही, आजही वाटत नाही. वखार भातासाठी बांधलेली होती. पण ती गेली असती तर ताईंची सगळी मिळकत गेली असती. मिळकत म्हणजे ती चार भिंतींची बैठक, दुसरे त्यांच्याकडे काही नव्हते. त्याच सुमारास मुंबईहून आमंत्रण आले होते. तिथे मैदानावर चित्रदालनांचा मेळा भरायचा होता, प्रत्येक दालनाला एक गाळा. ताई म्हणाल्या, "दादा, मेळ्याहून आल्यावर बोलू."

"मग माझंही ऐक," नानाशेठ म्हणाले. "व्यापाऱ्याची परीक्षा सोपी असते. गिऱ्हाईक दुकानापुढे थांबलं तर माल खरा. विक्री नको, बक्षीस नको. मुंबईची माणसं तुझ्या गाळ्यात थांबली तर वखार तुझी. पुढून निघून गेली तर मी किल्ली मागेन. मी स्वतः येऊन बघणार आहे."

इतकी वर्षे बहिणीच्या वखारीत येऊन स्वतः एकदाही न बसलेला माणूस इतरांच्या थांबण्याची परीक्षा घेणार होता. पण हे नानाशेठांना कोण सांगणार? ताई म्हणाल्या, "कबूल."

कार्तिकात, मिठाचा हंगाम सुरू व्हायच्या आत, हसनच्या मामूंच्या मचव्यातून चित्रे निघाली. खाली भाताचा पेंढा, मध्ये चित्रे आणि वरून वखारीतले जाजम गुंडाळलेले. मामू सुकाणूवरून ओरडत होते, "संभालून बसा रे, आज मालात जान हाय!" मुंबई दिसू लागली तशी आम्हा दोघांची पाचावर धारण बसली. ताई मात्र पेंढ्यावर बसून शाळेच्या वह्या तपासत होत्या.

मेळ्यात आमचा गाळा कोपऱ्यातला. पोचायला संध्याकाळ झाली, उजेड कमी होता, आणि आम्ही तिघांनी मिळून झपाझप चित्रे लावली. ठोकणारा हसन, धरणारा मी आणि "इथं" म्हणून बोट ठेवणाऱ्या ताई. काम झाल्यावर जाजमातला पेंढा झटकून ते कनातीमागे टाकले आणि समाधानाने गेलो.

सकाळी मेळा उघडला आणि आम्हाला काय झाले ते दिसले. आजूबाजूच्या गाळ्यांत चित्रे उभ्या माणसाच्या नजरेला होती, वर दिवे सोडलेले होते. आमची सगळी चित्रे गुडघ्या-कमरेच्या मधे. हाताच्या सवयीने आम्ही वखारीच्या उंचीवर लावून मोकळे झालो होतो, आणि ताईंचे बोटही चुकून वर गेले नव्हते. येणारे लोक आमच्या गाळ्याकडे पाहत ते भिंतीच्या कोऱ्या कापडाकडे. मग खाली नजर जाई, हसू फुटे आणि पावले पुढे पडत. एका बाईंनी विचारले, "हे मुलांसाठी आहे का?" एका इंग्रजी वर्तमानपत्राचे कलासमीक्षक आले, चांगले सुटाबुटातले. त्यांनी मान तिरकी केली आणि म्हणाले, "बाई, तुमची चित्रं रात्रीत खाली घसरलेली दिसतात." आणि गेले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण बोलणार काय? थांबत कोणीच नव्हते.

मेळ्याचे व्यवस्थापक सद्गृहस्थ होते. ते सुतार घेऊनच आले. हसन हातोडी घेऊन तयार होता. "ताई, इजाजत द्या. आत्ता सगळी वर घेतो. इज्जतीचा सवाल आहे."

ताई गाळ्याच्या मध्ये उभ्या होत्या. त्यांनाही त्या दिवशी घाम फुटलेला मी पाहिला. त्या म्हणाल्या, "चूक झाली खरी. पण चित्रं खाली लावली ही चूक नाही. लोकांना उभं ठेवलं ही चूक आहे. ते जाजम आणा."

जाजम म्हणजे काय होते ते ज्यांनी वखारीत पाहिले नाही त्यांना सांगतो. तांबडे, निळ्या पट्ट्यांचे, ठिकठिकाणी ठिगळे लावलेले, एका कोपऱ्याला समईचे तेल सांडलेले. ते आम्ही मुंबईच्या त्या झकपक मेळ्यात अंथरले. व्यवस्थापक हात जोडून म्हणाले, "बाई, हे प्रदर्शन आहे, भजन नव्हे."

"तुमच्याकडे पाय दुखलेले लोक बाहेर बाकांवर जाऊन बसतात," ताई म्हणाल्या. "आमच्याकडे चित्रासमोर बसतील. त्यात मेळ्याचं काय बिघडतं?"

व्यवस्थापक सुताराला घेऊन बाजूला झाले. पण बसायला तरी कोण येतो! बूट काढायचे, तेही मुंबईत, तेही चारचौघांत. लोक आता चित्रांऐवजी जाजमाकडे पाहून हसू लागले. तेव्हा ताईंनी चपला काढल्या आणि एकनाथमास्तरांच्या पट्ट्यांसमोर, सगळ्या मेळ्याकडे पाठ करून, एकट्या मांडी घालून बसल्या. ती पाठ अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. शाळेत जाताना नेसत त्याच जांभळ्या काठांच्या पांढऱ्या लुगड्यातली, ताठ. मला वाटले, आता वखार गेली.

आणि नेमके तेव्हाच नानाशेठ आले. दाणाबंदरच्या धान्यबाजारातली कामे उरकून, उन्हातून चालत, बरोबर तिथले दोन-तीन अडते. बहीण भर मेळ्यात जमिनीवर बसलेली पाहून ते गोरेमोरे झाले.

"द्वारके, हे काय? लोक हसतायत."

"हसू देत," ताई मागे न पाहता म्हणाल्या. "दादा, चालून आलात. पाय दुखत असतील. बसा."

नानाशेठांनी इकडेतिकडे पाहिले. पाय खरेच दुखत असावेत. ते "हूं" म्हणाले, जोडे काढले आणि धोतर सावरून बसले. बसले ते माझ्या चौकोनांसमोर. शेठ बसले म्हटल्यावर अडतेही बसले; व्यापारात तसा रिवाजच आहे. क्षणभर ते बाजाराचे काही बोलत होते. मग बोलणे विरळ झाले. मग थांबले. एकाने पागोटे काढून मांडीवर ठेवले. दुसऱ्याला हसनच्या शिडांसमोर चक्क डुलकी लागली. हसन त्याला हलवायला निघाला तेव्हा ताईंनी त्याला अडवले. "झोपू द्या. परक्या ठिकाणी माणसाला अशी झोप लागत नाही."

माणसे बसलेली दिसली की मागचा माणूस टाचा उंचावतो, हा जगाचा नियम आहे. काय आहे, काय आहे, करीत लोक गोळा झाले. एका आजीबाईंनी नातीला घेऊन बैठक मारली. कॉलेजातली मुले आली. उभ्याने वाकून पाहणाऱ्याला मागचे म्हणू लागले, "अहो, बसा ना, दिसत नाही." हे वाक्य ऐकून हसनने माझा हात इतका जोरात दाबला की दुखला. दुपारनंतर आमच्या गाळ्याबाहेर चपला-बुटांचा असा ढीग पडला की व्यवस्थापकांनी आणलेल्या सुताराकडूनच आम्ही एक फळी ठोकून घेतली.

समीक्षकसाहेबही परत आले. आता त्यांना मागे राहून काही दिसेना. त्यांनी बूट काढले, विजार आडवी येत होती तरी मोठ्या कष्टाने खाली टेकले आणि पाय लांब केले ते थेट मास्तरांच्या चित्राकडे. ताई हळूच म्हणाल्या, "पाय तेवढे बाजूला घ्या. समोर चित्र आहे." साहेबांनी पाय मुडपून घेतले. उठले तेव्हा दिवे लागले होते आणि त्यांना उठायला हसनने हात दिला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या दोन गाळ्यांत खुर्च्या आलेल्या होत्या. आमच्या पनवेलने मुंबईला बसायला शिकवले असे मी म्हणतो, आणि ताई मला प्रत्येक वेळी "जरा बेताने, नारायणराव" म्हणतात. बेताने कशाला? खरेच आहे ते.

नानाशेठ मात्र एक शब्द बोलले नाहीत. जोडे घातले आणि गेले. पनवेलला परतल्यावरही बोलले नाहीत. कार्तिक संपला. ताई विचारायला गेल्या नाहीत. दिलेल्या शब्दाची आठवण करून देणे हा त्या समोरच्याचा अपमान समजतात. मार्गशीर्षात एके सकाळी भाताच्या गाड्या बंदरावर आल्या आणि वखारीच्या दारापुढे उभ्या राहिल्या. ताईंनी गाड्यांकडे पाहिले, पदर खोचला आणि भिंतीवरची चित्रे उतरवायला सुरुवात केली. मी आणि हसन हात लावत होतो. त्या दिवशी ताईंच्या डोळ्यांत पाणी आले. मी त्यांना रडताना पाहिले ते त्या एकाच वेळी.

शेवटचे चित्र उतरले आणि नानाशेठ आत आले. त्यांनी कोऱ्या भिंती पाहिल्या. मागे गेले, पिंपातल्या पाण्याने पाय धुतले, परत येऊन जाजमावर बसले, आणि भिंतीकडे बोट करून म्हणाले, "द्वारके, हे काय? मी बसलोय, माझ्यासमोर काहीतरी लाव."

"दादा, भात..."

"भाताला काय, कुठंही राहील. बाजारातली वखार भाड्यानं घेतलीय मी. गाड्या इथं मला सोडायला आल्यात." मग बाहेर तोंड करून ओरडले, "अरे, हाका पुढं!"

ताईंनी माझे चौकोन उचलले आणि त्यांच्यासमोर लावले. खालीच लावले. नानाशेठ आता थकले आहेत, पण रोज सकाळी त्यांची जागा ठरलेली आहे, आणि तिथे दुसरे कोणी बसले तर ते रागावतात.

ताईंच्या हातून पुढे पुष्कळ झाले. एकनाथमास्तरांची पट्ट्यांची चित्रे देशात फिरली. हसन आज मोठ्या नावाचा चित्रकार आहे. मलाही लोक ओळखतात, आणि वडील मिठागरात आलेल्या पाहुण्यांना सांगतात, "पोऱ्या आमचा चौकोन काडतं." हे सारे त्या ठिगळांच्या जाजमावरून उठून गेले आहे, याचा आम्हा सर्वांना अभिमान आहे, आणि तो इथे उघड सांगताना मला संकोच वाटत नाही.

समारंभाच्या मंडळींनी ताईंसाठी व्यासपीठावर एक उंच, कोरीव खुर्ची ठेवायचे ठरवले होते. ताईंनी ती नाकारली, जाजम येणार असेल तरच मी येईन म्हणाल्या. म्हणून त्या दिवशी जाजम येणार आहे. आम्ही सगळे पाय धुऊन त्यांच्यासमोर बसणार आहोत, घाई नसलेल्या माणसांसारखे. ताई, उभा माणूस जायच्या तयारीत असतो, हे तुम्हीच मला पहिल्या दिवशी सांगितलेत. आज तुमच्या साठीला देवापाशी आणि तुमच्यापाशी आम्हा साऱ्यांचे मागणे एकच आहे. प्रकृती सांभाळा, आणि बसा. अजून पुष्कळ वर्षे आमच्यासमोर अशाच बसा.